चाचांची अमेरिकन, आमची जपानी

मला गाडी चालवता येत नाही. तरी पंचवीस-तीस वर्षं मी गाड्या पाहत आले, आणि त्या बहुधा उभ्याच पाहिल्या. अमरावतीच्या राजापेठेत आमचं फुलांचं दुकान. लग्नाच्या दिवसांत नवरदेवाच्या गाड्या सकाळी दुकानासमोर येऊन लागायच्या आणि त्यांना फुलं लावायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे गाडीशी माझी ओळख झाली ती बाहेरून. पत्रा जाड की पातळ, दोरा कुठे अडकतो, दार लावताना आवाज कसा येतो, बॉनेट उन्हात किती तापतं आणि त्यावरचा निशिगंध किती वेळात काळा पडतो, एवढं मला कळायचं. कोणती गाडी भरवशाची यावर माणसं दुकानासमोर तासन्‌तास बोलत. मी ऐकत असे आणि माझे हात चालू असत.

त्यातल्या दोन गाड्या मला अजून डोळे मिटून सजवता येतील. एक चाचांची अमेरिकन आणि दुसरी आमची जपानी.

चाचा अकोल्याचे. सगळेच त्यांना चाचा म्हणत, तसे आम्हीही म्हणायचो. कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मालकाकडे ते तरुणपणापासून गाडी चालवत होते. मालकाच्या वडिलांनी मुंबईहून आणलेली ती लांबलचक अमेरिकन गाडी होती, मोरपंखी रंगाची, मागे दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखा पत्रा वर उचललेला. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडलं, मालकाची मुलं पुण्याला निघून गेली. त्यांना ती गाडी नको होती. जाताना त्यांनी ती चाचांना देऊन टाकली. बावीस वर्षं जिचं चाक हातात होतं ती गाडी आता आपली झाली, म्हणून चाचांनी पहिले काही दिवस ती बाहेरच काढली नाही, असं चाची सांगायच्या. मग कोणीतरी लग्नासाठी मागितली आणि ते काम सुरू झालं. अकोला, मूर्तिजापूर, अमरावती, दर्यापूर. नवरदेव त्या गाडीतून उतरला की लोक आधी गाडीकडे पाहत.

सजवायला तिच्यासारखी गाडी नव्हती. बंपर लोखंडी, चकचकीत, दोरा कसाही आवळून बांधा. बॉनेट एवढं मोठं की झेंडूच्या सहा माळा आडव्या बसत. दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज यायचा. चाचा ज्या गावी लग्न असेल तिथे दीड-दोन तास आधी पोचत. सगळे म्हणत, वेळेचा पक्का माणूस. मीही तेच समजत होते.

आमच्या घरात जपानी गाडी आली ती माझ्या नवऱ्याच्या हट्टाने. फुलांचा धंदा उन्हापावसावर. जोडीला काहीतरी हवं असं त्यांच्या डोक्यात बरेच दिवस होतं. नागपूरच्या एका डॉक्टरांची वापरलेली पांढरी गाडी मिळाली. ती आणली त्या दिवशी त्यांनी मला शेजारी बसवून बडनेऱ्यापर्यंत नेलं आणि वाटेत एकदाच बोलले, "आवाज येऊन राह्यला का?" आवाज येत नव्हता. इंजिन चालू आहे की बंद हे कळायला हात लावून पाहावं लागे.

पण फुलं लावायला ती गाडी म्हणजे माझी परीक्षा होती. दोरा बांधायला जागा नाही, बंपर प्लॅस्टिकचा, सगळं गुळगुळीत. मी चिकटपट्टी वापरली तर पट्टीबरोबर रंगाचा टवका निघाला आणि घरात दोन दिवस बोलणं बंद होतं. दाराचा आवाज डब्याच्या झाकणासारखा. पत्रा अंगठ्याने दाबला तर आत जायचा आणि सोडला की परत यायचा. चाचांनी पहिल्याच दिवशी असा अंगठा दाबून पाहिला होता. मग ते सरळ आपल्या गाडीकडे वळले. नवऱ्याला ते फार लागलं.

तिथून पुढे कित्येक वर्षं दोघांचा वाद चालला. दुकानासमोर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या असल्या की हमखास निघायचा. आमच्या ह्यांचं म्हणणं साधं होतं. रोज सकाळी चाबी फिरवली की जी सुरू होते ती चांगली गाडी. वर्षभर बॉनेट उघडलं नाही तरी हिचं काही अडत नाही. चाचांना तेच पटत नव्हतं. ज्या गाडीचं पोट उघडून पाहिलं नाही ती आपली कशी म्हणायची, असं ते विचारायचे. अमेरिकन माणसाने ही गाडी केली तेव्हा पत्रा वाचवायचा विचार केला नव्हता, आणि जपान्याने प्रत्येक तोळ्याचा हिशेब केलाय, असंही म्हणायचे. ह्यांनी मग अमेरिकनच्या पाण्याचं काढायचं. पन्नास किलोमीटरला तिला पाणी पाजावं लागतं, ही कसली भरवशाची. त्यावर चाचा शांतपणे म्हणाले होते, "पानी तं मानसालेबी लागते."

मी कोणाची बाजू घेत नसे. पण खरं सांगायचं तर दोघांनाही आपापले दिवस मिळाले. एकदा भातकुलीकडच्या एका गावात लग्नाच्या दिवशीच अवकाळी पाऊस झाला. काळ्या मातीचा रस्ता, चाकाला चिखल असा चढला की आमची जपानी पोट टेकून बसली. तिला बुटकेपणाच नडला. चाचांनी अमेरिकन मागे घेतली, साखळी लावली आणि दोन झटक्यांत आमची गाडी बाहेर ओढली. त्या दिवशी ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि ह्यांना तेच बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं. पुढे त्याच वर्षी मे महिन्यात बोरगाव मंजूच्या अलीकडे अमेरिकन तीन वेळा उकळली. तिसऱ्या वेळी चाचांनी सीटखालून एक पिशवी काढली, तिच्यातली हळदीची पुडी रेडिएटरमध्ये ओतली. हळदीने बारीक गळती बुजते म्हणे. त्या पिशवीत तारांची भेंडोळी होती, रबराचे तुकडे होते, धुण्याचा साबण होता, टाकीला चीर गेली तर तो चोळायचा म्हणून. आम्ही सगळे त्या पिशवीला हसलो होतो. माझी दोन्ही लेकरं तर चाचांकडे हळदीचा खेळ दाखवा म्हणून हट्ट धरायची, आणि परतीच्या वाटेवर गाडी रिकामी असली की चाचा त्यांना पुढच्या लांब सीटवर बसवून चक्कर मारून आणायचे. मी कौतुकाने पाहत असे.

हे सगळं ज्या वर्षांत चाललं होतं ती वर्षं वाईट होती. कापूस पिकला तर विकला जात नव्हता आणि विकला तरी पुरत नव्हता. पेपर उघडायला भीती वाटायची, कारण आपल्या गिऱ्हाइकाचं गाव त्यात निघेल का, हे कोणी सांगू शकत नव्हतं. आमच्या दुकानात तो फरक सरळ दिसायचा. गाडीच्या माळा कमी झाल्या आणि दुसऱ्या कामाचे हार वाढले. ज्या घरच्या लग्नाला मी गाडी सजवली होती त्याच घरची माणसं दोन वर्षांनी मान खाली घालून मोठा हार मागायची, आणि मी काही न विचारता निवडून चांगली फुलं घालायचे. लग्नं थांबली नव्हती, पण लहान झाली होती. पहिल्यांदा गाडीच कमी व्हायची. नवरदेव ट्रॅक्टरवर आला तर कोणी हसत नव्हतं. आमची जपानी इतर दिवशी भाड्याने जायची, दवाखान्याला, कोर्टाच्या कामाला, क्लासच्या मुलांना नागपूरला परीक्षेला. चाचांच्या अमेरिकनला लग्नाशिवाय कोण बोलावणार? काही महिने असे गेले की ती महिन्यातून एकदाच दिसायची. प्रत्येक वेळी मात्र धुतलेली, पुसलेली, आणि चाचांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट.

त्या काळातलं एक मोठं लग्न म्हणजे अमरावतीच्या एका शिक्षकांच्या घरचं. मुलगी अकोल्याची होती. नवरदेवाला अमेरिकन आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना आमची जपानी, असं ठरलं. वऱ्हाडाची बस मागून यायची होती. मीही निघाले, कारण मे महिन्यात इथून लावलेली फुलं अकोल्याला पोचेपर्यंत मान टाकतात. तिथे विदाईच्या वेळी दुसऱ्यांदा सजवायची होती. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली फुलांची टोपली मांडीवर घेऊन मी जपानीत मागे बसले. पुढे चाचांची गाडी, मागे आम्ही.

मूर्तिजापूर जवळ आलं होतं तेव्हा अमेरिकन हळू झाली. मग रस्त्याच्या कडेला उतरली, एका कडुनिंबाच्या सावलीत बरोबर थांबली. आम्हाला वाटलं, उकळली. ह्यांच्या ओठांवर हसूही आलं असावं. गाडी थांबवून आम्ही उतरलो तर चाचा चाकावर दोन्ही हात ठेवून बसले होते. बॉनेटमधून वाफ येत नव्हती. त्यांचा पांढरा शर्ट पाठीपासून छातीपर्यंत भिजला होता आणि चेहरा राखेसारखा झाला होता. नवरदेव मागच्या सीटवरून घाबरून विचारत होता, काय झालं, काय झालं. चाचा डावा हात दाबून धरत म्हणाले, जरा दुखून राह्यलं.

हे फार वेळ बोलत बसले नाहीत. म्हाताऱ्या माणसांना जपानीतून उतरवून सावलीत बसवलं, चाचांना दोघांनी धरून मागच्या सीटवर निजवलं. नवरदेवाबरोबर बसलेल्या त्याच्या वडिलांनी स्वतः हात लावला, लग्नाला उशीर होईल असा शब्दही काढला नाही. दार लावायच्या आधी चाचांनी मला खुणेने जवळ बोलावलं. गाडीची चाबी माझ्या हातात दिली. त्यांचा हात थंडगार होता.

"बेटी, हे गाडी इथंच राहू दे. कोणालेबी चालवू देऊ नोको."

मी हो म्हटलं. मला वाटलं, जीव आहे गाडीवर, म्हणून बोलतात. त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

"तिचा ब्रेक पयल्या दाबाले लागत नाई. दुसऱ्यालेबी नाई. तिसऱ्याले लागते. मले मालूम हाय, दुसऱ्या कोणाले मालूम नाई."

मग गाडी गेली. आमची जपानी त्या दिवशी जशी गेली तशी मी तिला कधी जाताना पाहिली नव्हती. आवाज न करता, धूळही फार न उडवता, सरळ. दोन मिनिटांत रस्ता रिकामा झाला.

वऱ्हाडाची बस यायला अर्धा तास लागला. तोवर मी चाबी पदराच्या टोकाला बांधून उभी राहिले. बस आली, सगळे उतरले, गलका झाला. नवरदेवाच्या मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली. चांगला धीराचा माणूस होता. ते म्हणाले, "मी सहा वर्सं ट्रक चालवला हाय. चाबी द्या, मी नेतो. नवरदेव बसमधून उतरनं बरं दिसत नाई."

सगळ्यांना ते पटलं. नवरदेव परत आत बसायला वळलाही. मी काय बोलणार होते? चाचांची गाडी दर वेळी तिसऱ्या दाबाला थांबते, आणि तुमचा मुलगा सकाळपासून त्याच गाडीत बसून आला, हे त्या माणसांसमोर सांगणं माझ्याच्याने झालं नाही. चाचा वाटेत होते, जगतात की नाही ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "गाडी बंद पडली हाय. मनूनच तं त्यांनी बाजूले घेतली. अन्‌ चाबी त्यांच्या खिशातच गेली."

मामांनी मान हलवली. कोणीतरी मागून म्हणालं, जुनी गाडी शेवटी जुनीच. नवरदेव फेटा सावरत बसमध्ये चढला. म्हाताऱ्या माणसांना पुढच्या सीटवर जागा करून दिली. मला चला म्हणाले, पण फुलांची टोपली त्यांच्याकडे देऊन मी मागेच राहिले. गाडीपाशी कोणीतरी हवं होतं.

बस गेल्यावर मी बराच वेळ झाडाखाली बसले. मग उठून चाचांच्या जागेवर बसले. त्या जागेवर मी कधीच बसले नव्हते. पाय पुढे करून ब्रेक दाबला. पाय सरळ खाली गेला, तळाला टेकला, जणू खाली काही नाहीच. पुन्हा दाबला, पुन्हा तसाच गेला. तिसऱ्यांदा अर्ध्यात काहीतरी पायाला लागलं, मऊसर, आणि थांबलं. मी पुन्हा तिन्ही वेळा दाबून पाहिलं. मग माझी दोन लेकरं पुढच्या सीटवर उभी राहून काचेला नाक लावून हसताना दिसायला लागली. मी किती नवऱ्या त्या दारातून आत बसवल्या, पदर दारात अडकू नये म्हणून आवरून धरला, आणि वरून फुलं टाकली.  चाचांबद्दल त्या क्षणी मला दया वाटत नव्हती. खूप राग आला होता, आणि त्याच वेळी मनात चाललं होतं की देवा, त्यांना वाचव.

पाच वाजता हे परत आले. चाचा वाचले होते. मूर्तिजापुरातच पहिलं इंजेक्शन मिळालं, मग अकोल्याला भरती केलं. डॉक्टर म्हणाले होते की अजून उशीर झाला असता तर कठीण होतं. मी ह्यांना ब्रेकचं सांगितलं. ते आत बसले, ब्रेक दाबला, एक, दोन, तीन. उतरले आणि झाडाच्या बुंध्याला टेकून उभे राहिले. शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्या माणसाने ट्रॅक्टर आणून गाडी आपल्या खळ्यात ओढून ठेवली. तिच्यावरच्या माळा मी काढल्या. वाळून कुरकुरीत झाल्या होत्या.

ह्यांनी त्यानंतर महिनाभर चाचांकडे जायचं नाव काढलं नाही. मी एकटी एसटीने गेले. चाचा खाटेवर बसले होते, निम्मे झालेले. चाचींनी पाणी दिलं आणि त्याच बोलल्या. दोन वर्षांपासून रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर चाचा गाडीखाली शिरायचे, म्हणाल्या. एकेक चाक उतरवायचे, रबर बदलायचे, ब्रेकचं तेल भरायचे. त्या जुन्या गाडीचं खरं रबर कुठेच मिळत नव्हतं. अकोल्यातला एक कारागीर दुसऱ्या गाडीचं कापून घासून बसवून द्यायचा. ते आठ-पंधरा दिवस टिकायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी चाचा रिकामी गाडी घेऊन त्या गावापर्यंत जाऊन यायचे, कुठे उतार आहे, कुठे गुरं आडवी येतात ते पाहायला. दीड-दोन तास आधी पोचायचे तेही हळू यावं लागे म्हणून.

म्हणजे ती गाडी कधी दगा देत नाही असं लोक म्हणायचे, तेव्हा गाडी रोजच दगा देत होती. न देणारा माणूस तिच्याखाली निजलेला होता.

चाची आत गेल्यावर चाचांनी विचारलं, "लोक मनून राहिले, माही गाडी नवरदेवाले घेऊन रस्त्यात बंद पडली. कोनं सांगितलं?"

"म्या सांगितलं."

 तीस वर्षांत कोणाला रस्त्यात न सोडलेली गाडी, आणि तिचं नाव मी एका वाक्यात घालवलं होतं. त्या लग्नातून ते बोलणं दोन्ही शहरांत पसरलं होतं आणि पुढच्या महिन्यांत ठरलेली दोन लग्नं त्यांच्या हातून गेली होती. मी मामांचं सगळं सांगितलं. चाबी कशी लपवली तेही. ऐकून झाल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "बरं केलं."

तेव्हा माझा राग बाहेर आला. मी म्हणाले, "चाचा, माहे लेकरं बसत होते त्या गाडीत. तुमी सांगाले पायजे होतं."

"सांगितलं असतं तं कोनं बसलं असतं?"

"नसतं बसलं."

"हो," ते म्हणाले. "नसतं बसलं." मग खाली पाहून, "मी होतो ना. मले वाटलं, मी हाय तोपर्यंत चालते. मी नसन, असं कधी मनातच नाई आलं."

 त्यांच्या त्या बोलण्यात बहाणा नव्हता, आणि त्यामुळे त्यांना माफ करणं सोपंही झालं नाही. निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्या गाडीत डिझेलचं इंजिन बसवलंय हे आवाजावरून सगळ्यांना माहीत होतं. ते कुठलं, हे कोणी विचारलं नव्हतं. ते जपानी होतं. मालकांनीच पंधरा वर्षांपूर्वी बसवून घेतलं होतं. गिअर इकडच्या जीपचे होते, रेडिएटर अकोल्यातल्या टिनवाल्याने केलेला. "अमेरिकन आता वरचा पत्राच हाय," ते म्हणाले. "घरी गेल्यावर त्याले सांगजो. तो जिंकला."

मी घरी येऊन तसंच सांगितलं. ह्यांनी जेवण अर्धवट सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जपानी घेऊन एकटेच अकोल्याला गेले आणि संध्याकाळी आले. काय बोलणं झालं ते मला त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. पण तेव्हापासून दर महिन्याला चाचांना तपासणीला न्यायचं काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं. अमरावतीहून अकोल्याला जायचं, त्यांना घरून दवाखान्यात न्यायचं, परत सोडायचं. बरेचदा मीही जाई. चाचा पुढे बसत. चाकासमोरच्या कोणत्या लाल दिव्याचा काय अर्थ ते विचारत, आणि हे सांगत. एकदा चाचांनी बॉनेट उघडायला लावलं. आत पाहून म्हणाले, हात घालायलाच जागा नाही, बिघडली तर काय करता? ह्यांनी कबूल केलं की काहीच करता येत नाही. नागपूरला कळवायचं आणि सामान येईपर्यंत वाट पाहायची. पण इतक्या वर्षांत ती वेळ एकदाच आली होती, हेही सांगितलं.

चाचांनी मान डोलावली. "भरवश्याची हाय," ते म्हणाले. "मानसाले काई मागत नाई." ह्यांना ती कबुली वाटली. मला तसं वाटलं नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर लेकरांना बसवायला मी कधीही आमचीच गाडी निवडली असती. चिखलात अडकणारी, पातळ पत्र्याची, पण पहिल्या दाबाला थांबणारी. तरी चाचांच्या गाडीवर मी जेवढा वेळ लावून फुलं बांधली तेवढा वेळ आमच्या गाडीला कधी दिला नाही.

अमेरिकन खळ्यातून परत आणून त्यांच्या अंगणात पत्र्याच्या छपराखाली लावली होती. तिच्यासाठी जीपचं ब्रेकचं सामान आणू, बसवून पाहू, असं ह्यांनी सुचवलं होतं. चाचांनी नाही म्हटलं. आता कोणी तिला रस्त्यावर नेऊ नये एवढंच सांगितलं. रोज सकाळी ते तिला फडक्याने पुसत मात्र राहिले, खुर्ची शेजारी ठेवून, थांबत थांबत.

दोन वर्षांनी हिवाळ्यात चाचा गेले. दिवसा, जेवून पडले असताना. आम्ही पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. पुढच्या उन्हाळ्यात चाचींचा निरोप आला की एक जण गाडी घ्यायला येतोय, तुम्ही असाल तर बरं. हायवेवर धाबा टाकणारा तरुण माणूस होता. त्याला ती धाब्यासमोर उभी करायची होती, लोकांनी फोटो काढावेत म्हणून. ह्यांनी त्याला बाजूला घेऊन ब्रेकचं सांगितलं. तो म्हणाला, चालवायचीच नाहीये काका, इंजिन काढून टाकणार आहे.  हे त्याला म्हणाले, इंजिन फेकू नको, चांगलं आहे.

चार माणसांनी ढकलून ती ट्रकवर चढवली. चाकांमागे दगड लावत लावत चढवावी लागली, कारण ब्रेक धरायला कोणी तयार नव्हतं आणि हे त्या जागेवर बसायला नाही म्हणाले. दोरखंडांनी बांधताना एक माणूस बंपरला गाठ मारत होता, ती सैल होती. मी पुढे होऊन सोडली आणि पुन्हा आवळून बांधली. ट्रक गल्लीतून वळला. अंगणात चार चाकांच्या जागी कोरड्या, स्वच्छ मातीचे चौकोन उरले होते. चाची दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, चहा टाकू का. आम्ही हो म्हटलं आणि आत गेलो.